माळ्यावर

जांबोटीच्या पुढं रस्ता बारीक होतो,
वनखात्याची पाटी कन्नडमध्ये सांगते
रात्री थांबू नका.
तिथून आत दीड कोसावर आमचं शेत.
पाटी आम्हाला वाचता येते. थांबतो.

यंदा राखणीला सोबत मष्णू.
सात वर्षं टांझानियात होता, तंबूंच्या हॉटेलात स्वयंपाकी,
आधी गोव्यात, मग विमानानं.
शर्ट अजून तिकडचाच, मातकट, खिशावर हत्ती शिवलेला.

"तिथं," कांबळं खांद्यावर ओढत म्हणाला,
"अंधार पडला की पाव्हण्याला एकटं सोडत नाहीत.
तंबूपासून ताटापर्यंत भालेवाला सोबत.
उशाशी शिट्टी.
अंथरुणात गरम पाण्याची पिशवी, लोकरीच्या खोळीत.
एकदा तरसानं एका बाईचा बूट पळवला,
ती एवढी खूश,
दुसरा आपणच बाहेर ठेवला तिनं."

"आणि पैसे?"
आकडा सांगितला. मी परत सांगायला लावला.
एका रात्रीला आमच्या खालच्या दोन वाफ्यांचं इंटाण,
पिंजरासकट.

माझ्या उशाशी डालड्याचा डबा, काठी,
दिवाळीतले तीन सुतळी बॉम्ब, सर्दावलेले,
आणि बॅटरी, जिचं बटण
अंगठ्यानं दाबून धरावं लागतं.

दोनच्या सुमाराला रातकिडे थांबले.
मग भात मोडल्याचा ओला आवाज.
मग श्वास,
शेजारच्या खोलीत कुणी झोपल्यासारखा, खरं मोठा.

गवे.
अंग अंधारातच राहिलेलं,
पायांतले पांढरे मोजे तेवढे चालत आलेले.

मी डबा उचलला.
मष्णूनं मनगट धरलं.
कुजबुजला, माझ्याशी नव्हे,
मागं सहा माणसं बसलीत अशा अदबीनं:
"हळू. डावीकडं बघा. आई आहे,
पिल्लू पोटाखाली.
फ्लॅश नको."

डबा मांडीवर ठेवला.
इतकी वर्षं हाकलतोय यांना,
खरं कान असे एकेक करून हलतात
हे बघितलं नव्हतं.
एकीनं लोंबी तोडली, मान वर केली
आणि चघळत बघत राहिली आमच्याकडं,
तिच्या बांधावर
आम्हीच आलोय तसं.

त्याचा हात अजून माझ्या मनगटावर. थरथरत होता.
"परत जाणार तिकडं?"
"तंबू विकले त्यांनी," म्हणाला.
नंतर बराच वेळ काही नाही.

उजाडताना वहिनी किटली घेऊन आली.
मष्णूनं ती तिच्या हातातून घेतली,
पहिला कप तिलाच भरला,
कमरेत थोडा वाकून, सवयीनं.
ती ओशाळली. शेताकडं बघितलं.
"किती?"
"अकरा," मष्णू म्हणाला.
"बारा. पिल्लू धरून," मी.
"मी भाताचं विचारते."

पदर खोचला, खाली उतरली,
आडव्या पडलेल्या भातातून
पावलांनी मोजत गेली.
एका खुराच्या ठशात पाणी साचलेलं.
तिथं थांबली.
मागं वळून बघितलं, कुणी बघतंय का,
आणि आपलं पाऊल
हळूच आत ठेवून बघितलं.