चार्ज देताना

निलोफर, ही किल्ली, हे रजिस्टर,
आणि भिंतीकडे तोंड करून बसलेली ही सात मशीनं.
भंगारात निघालेली होती. लिनक्स घालून
मी परत कामाला लावली.
सर्व्हरचं नाव कलाजंग. का, ते विचारू नको,
तेव्हा वय वेगळं होतं.

आधी एक: रूट होऊन बसून राहायचं नाही.
खिडकीतून बघ, भट्टीच्या तोंडाशी दिवसभर कोण उभं राहतं?
ओतायच्या वेळी जायचं, लाडल झुकवायचं, मागं सरायचं.
सुडो म्हणजे तेवढंच.

होमची चूल वेगळी मांड.
पहिल्याच दिवशी, भांडण व्हायच्या आधी.
उद्या सिस्टीम पुसून नवी घालावी लागली
तरी ड्रॉइंगं, पगाराचे तक्ते
आपापल्या घरात झोपून राहतील.

डिस्कच्या नावावर जाऊ नको.
आज जी एसडीए, ती उद्या एसडीबी म्हणून उठते,
मधे कुणी पेनड्राइव्ह खुपसला की झालं.
तिचा तो लांबलचक क्रमांक लिही.
आपल्या मोल्डिंगला तीन पिंटू आहेत,
पगार टोकन नंबरावर निघतो.

फायरवॉल घरी बसून बदलू नको.
मी बदलली होती, राजारामपुरीत, जेवणानंतर शहाणपण सुचून.
एक नियम घातला, आणि माझंच दार माझ्यावर बंद.
रात्री साडेअकराला स्कूटर, तावडे हॉटेलचा चौक,
पंचगंगेच्या पुलावर अंगात शिरणारं वारं,
गेटवर वॉचमनचं कुत्रं,
आणि या खुर्चीत बसून खोडली एक ओळ.
दहा मिनिटांनी आपोआप मागं फिरेल
असं काहीतरी आधी लावून ठेवावं,
हे परत जाताना त्याच पुलावर सुचलं.

बॅकअपचं सांगतो. बस.
पुराच्या वर्षी हायवे बंद, शिरोली बेट झालेली.
आठव्या दिवशी आत आलो तर
पाण्याची रेघ टेबलाच्या तिसऱ्या खणाला.
मला काळजी नव्हती.
बॅकअप रोज रात्री दोनला व्हायचा,
रोज लिहायचा: झालं.
बाहेरची डिस्क मात्र कधीची जोडलेलीच नव्हती.
तो आपला त्याच मशीनच्या पोटात,
त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरात,
इमानदारीनं लिहीत राहिला.
पाच महिने.

मग गुंडाप्पा सुतार पॅटर्नच्या खोलीत गेले,
चिखलातून एकेक लाकडी पॅटर्न उचलून पुसला,
मापं घेतली, मी पुन्हा काढत गेलो.
लाकूड पाण्यानं फुगलेलं.
ते बोट फिरवायचे, डोळे मिटायचे, म्हणायचे,
"ह्यातनं दीड सूत वजा कर."
कुठल्या कमांडनं आणू मी ते बोट?

तर महिन्यातून एकदा एखादी फाईल परत आणून बघ.
उघडून बघ. नुसतं "झालं" वाचू नको.
एक डिस्क घरी ने,
भाकरीच्या डब्यात ठेव, माळ्यावर.

लॉग वाचत जा. सगळे शेवटची ओळ वाचतात
आणि मला फोन करतात.
खरं रडणं बरंच वर सुरू झालेलं असतं.

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी अपडेट नाही.
आणि पुसायची कमांड दिलीस
तर एंटरवरचं बोट उचलून
चहाचा एक घोट घे. मग दाब.

आता पासवर्ड तू घाल.
मी पाठ करून उभा राहतो.

अजून एक.
माझं खातं आज संध्याकाळी बंद कर, कुलूप लाव.
पुसू नको.
पुसलंस तर माझ्या फायलींवर
नावाच्या जागी नुसता आकडा उरतो: एक हजार एक.
सतरा वर्षं झाली, ते ड्रॉइंग-बिइंग असू दे,
पण तो आकडा वाचून
कुणी पिंटूसुद्धा म्हणणार नाही.

घातलास? लांब घातलास ना?
चल, खाली गुंडाप्पांशी ओळख करून देतो.