डावा दरवाजा

कुर्ल्याच्या कारखान्यात एकवीस वर्षं
मी फक्त डावा दरवाजा बसवला.
उजवा पीटर साल्ढाणा बसवायचा.
आमच्यामधून गाडी पुढे सरकायची
आणि काच नसलेल्या दोन खिडक्यांतून
आम्ही एकमेकांना दिसायचो.
बिजागरी, कडी, हँडल. पुढची.
अख्खी गाडी मी कधी केलीच नाही.

ही केली.
कन्नमवार नगरात, इमारतीच्या मागे,
पाण्याच्या टाकीला लागून, ताडपत्रीखाली, सात वर्षं.
सांगाडा जुन्या अकराशेचा, भंगारातून वजनावर घेतलेला.
छप्पर चार इंच कापून खाली बसवलं तेव्हा
सेक्रेटरी भोगले विचारून गेले,
धुण्यात आटली का हो?
मागच्या मडगार्डांना बांगड्याच्या शेपटीचा बाक
इस्माईल डेंटरने दिला,
वाळूच्या पिशवीवर, लाकडी हातोड्याने,
पैसे अर्धेच घेतले, उरलेल्याचा विषय काढू देत नाही.

इंजिन पहिल्यांदा बोललं त्या दिवशी
लोक पेढे मागायला आले.
म्हटलं थांबा, काम आता सुरू होतंय.

आधी हँडलं.
बाजूने पाहिलं तर नजर कुठे अडकू नये,
पुढच्या दिव्यापासून शेपटीपर्यंत
नुसतं वाहतं अंग हवं होतं मला.
उजवं काढलं, भोक बुजवलं.
डाव्यापाशी पाना घेऊन अर्धा दिवस बसलो.
दिवसाला किती, वर्षाला किती,
त्यातून संपाचे महिने वजा...
हिशोब सोडून दिला.
आमची एक खूण असायची, आतल्या पत्र्यावर
पिवळ्या खडूची तिरपी रेघ.
टॉर्च लावून शोधली.
गंज होता.

मग लांबी. भरा, वाळवा, घासा.
पाणी-पेपर चारशेचा, आठशेचा, बाराशेचा, दोन हजारचा.
डोळ्यांना काही कळत नाही यातलं.
डोळे मिटून तळवा फिरवायचा
तापलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा.
हात अडखळला की परत चारशेपासून.
बोटांचे ठसे झिजले माझ्या.
रेशनच्या यंत्राने तीनदा नाकारलं,
दुकानदार म्हणाला, काका, तुम्ही तुम्ही नाही आहात.

रंगाचं ठरेना.
काळा नको, पिवळा नको, एवढंच पक्कं;
या शहरात अकराशेच्या कपाळी दुसरं काही लिहिलेलं नसतं.
एका दुपारी कुंदाच्या हातून
कोकमाचं आगळ स्टीलच्या ताटलीत सांडलं.
उन्हात धरलं तर लाल,
सावलीत नेलं तर जवळजवळ रात्र.
ती फडकं आणेपर्यंत
मी ताटली घेऊन रिक्षात.

रेघ नार्वेकर पेंटरने मारली.
फ्लेक्स आल्यापासून त्यांनी पाटी रंगवली नव्हती,
चहा निम्मा बशीत, निम्मा सदऱ्यावर.
पण खारीच्या केसांचा ब्रश पत्र्याला टेकला
आणि हात थांबला. थरथरायचा थांबला म्हणतो मी.
एका श्वासात बॉनेट, एका श्वासात दरवाजा,
तेवढ्यात तळमजल्याच्या कुकरने शिट्टी दिली.
तिथे रेघ तांदळाएवढी फुगली आहे.
पुसतो, म्हणाले.
मी फडकं लपवून ठेवलं.

रविवारी ताडपत्री काढली.
कुंदा इरकली नेसून आली, डाव्या बाजूला उभी राहिली.
तिचा हात पत्र्यावरून फिरत गेला,
माझा सात वर्षं फिरला तसाच,
शोधत.
"दार कुठंय याला?"
मी आतून आडवा झालो, सीटखालची
सायकलच्या ब्रेकची वायर ओढली.
"बाहेरून उघडतच नाही?"
"नाही."
"म्हणजे दर वेळी तुम्ही—"
"हो."

बसली. पदर आत घेतला. दार ओढलं.
लागलं नाही नीट.
"जरा जोरात ओढ," म्हणालो मी,
एकवीस वर्षं डावाच दरवाजा बसवलेला माणूस.