एकोणीस नंबरचा बोया

सत्तेचाळीस दिवस तो गोल फिरला,
उलट्या प्रदक्षिणेने,
तीन फेऱ्या आणि थोडी चौथी,
मादागास्करच्या पश्चिमेला,
जिथला एकेक भोवरा अख्ख्या जिल्ह्याएवढा
आणि आत होडी घातली तरी दिसत नाही.

तुलिआराच्या कचेरीत मी ताशी एक ठिपका मांडायचे.
बोयाखाली पंधरा मीटरवर भोकाभोकांचा कापडी नळा,
वाऱ्याने हाकू नये, पाण्यानेच न्यावं म्हणून.
काम एवढंच त्याचं:
स्वतःचं काही मत नसणं.

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी पहाटे तो सरळ निघाला.
पट्टी लावल्यासारखा, पूर्वेला.
पाण्याला सरळ रेघ येत नाही,
अकरा वर्षं बघतेय मी.
दुपारी त्याने किनारा ओलांडला,
वाळूत साठ पावलं चालून थांबला.
समुद्रपृष्ठाचं तापमान: एक्केचाळीस.

मग मी गेले. दोन दिवस, शिडाच्या होडीतून.
अंकिलिमेना. अकरा झोपड्या, एक चिंच.
रेफेनुच्या अंगणात बोया उपडा पडलेला,
वर कोंबडी.
कापडी नळा उभा चिरून मांडव घातलेला,
खाली मासे सुकत होते.

"चुकला होता बिचारा," रेफेनु म्हणाला.
"अवसेला दिसला, पुनवेला परत तिथंच.
घर विसरलेल्याचं माणूस काय करतो?
दोर बांधला, आणला."

मी कागद पसरला, माझी वेटोळी दाखवली.
बराच वेळ बघितलं त्याने. हात पुसले.
मग नखाने एक जागा दाबली,
तिसऱ्या फेरीच्या उजव्या कुशीत:
"इथं वल्हं न मारता होडी उत्तरेला जाते.
माझा आजा जायचा.
एवढंच हवं होतं तर
विचारायचं की."

बोया मी परत मागितला नाही.
तक्त्यात शेवटच्या खऱ्या तारखेपुढे लिहिलं:
यापुढची हालचाल समुद्राची नाही.
मग कोणाची, त्याला रकाना नव्हता.

बॅटरी अजून वर्षभर पुरेल.
ठिपके येतात, एकावर एक,
पहाटे बावीस, दुपारी चाळीस.
काल रात्री दोनला तो आठ पावलं सरकला
आणि पारा थोडा वर चढला.

उपग्रहाची एवढी चूक चालते.
किंवा गार वारं सुटलं असेल,
आणि कोणीतरी उठून
त्याला आत घेतलं असेल.