मोकळी तार

व्हर्नेल मावशीनं एकवीस वर्षं कॅटफिश सोलले,
यझू नदीच्या अलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये,
रबरी बूट, घोट्यापर्यंत गार पाणी,
आणि एका मार्चमध्ये डाव्या हाताची
शेवटची दोन बोटं आत वळली
ती वळलीच.
कंपनीच्या डॉक्टरनं मनगट उघडलं, शिवलं,
बिल पाठवलं.

उरली दोन बोटं, एक अंगठा.
"ई वाजवायला पुरे," ती म्हणाली.

मी चौदाचा. मला वरचे पडदे हवे होते,
सातवा, बारावा,
जिथे हात गेला की पोरी वळून बघतात.
तिनं माझं मनगट धरून खाली आणलं,
पार खुंट्यांपाशी.
"इथे बस, ड्यूवी.
स्वतःच्या घरात अंधारात चालता येऊ दे आधी."

सहावी तार मोकळी: ई.
तिसऱ्या पडद्यावर जी, पण सरळ दाबायचा नाही,
जरासा ओढायचा,
दुखऱ्या दाढेवर जीभ फिरते तसा.
पाचवी मोकळी, मग तिचा दुसरा पडदा.
चौथी मोकळी, तिचाही दुसरा.
मधेच पाचवीचा पहिला, त्यावर थांबायचं नाही,
तापल्या तव्यावरून बोट न्यावं तसं जायचं.
"आता काहीही न दाबता वाजव. सहाही.
एक तरी परकी वाटते?"

वाजवल्या. एकही नाही.

"बाकीच्या पट्ट्यांत यातल्या काही
पाहुण्यासारख्या अवघडून बसतात.
ई मध्ये सगळ्या घरच्या.
न विचारता फ्रिज उघडतात."

फ्रिजचं निघालं म्हणून सांगतो.
तिचा फ्रिज रात्रभर एकच स्वर धरायचा,
बी च्या किंचित खाली,
बी ही नाही, बी फ्लॅटही नाही.
मावशी म्हणायची, सिअर्सवाल्यांनी
ब्लूज आत भरूनच पाठवलाय,
वर हप्ता वेगळा.

बारा बारचा हिशोब तिनं असा शिकवला:
चार घरी.
दोन शेजारच्या ए कडे, मीठ मागायला.
दोन परत घरी.
मग बी, म्हणजे हॅगूडचं दुकान,
एकच बार, कारण तिथे उधारी विचारतात.
येताना ए च्या दारावरून,
घरी. आणि पाय धुतोयस न धुतोयस
तोच पुन्हा बी ची हाक.
मी विचारलं, एवढं फिरून मिळालं काय?
म्हणाली, "मीठ."

पुढे मी मेम्फिसला गेलो. गोदामात रात्रपाळी.
वरचे पडदे शिकलो, बारावाही.
पोरी बघतात, ते खरं आहे. फार वेळ नाही बघत.

गेल्या ऑक्टोबरात आलो तेव्हा
तिच्या डाव्या हाताची पुरी मूठ झालेली.
गिटार खुर्चीत, माणसासारखी बसवलेली.
मी काही बोलायच्या आत तिनं ती मांडीवर घेतली,
उजव्या अंगठ्यानं सहावी छेडली,
आणि मानेनंच खुणावलं: ये.

मी तिच्या मागे गुडघ्यांवर बसलो,
डावा हात तिच्या बगलेखालून पुढे.
छेडायचं तिनं. दाबायचं मी.
पहिल्यांदा नुसता गोंधळ,
मी पोचायच्या आधी तिचा अंगठा निघून जायचा.
ती हसली, माझ्या छातीला हसू कळलं.
मग हळू. तिसरा पडदा, ओढ. दुसरा. सोड.
शेजारी गेलो, आलो.

त्यात एक गोष्ट कळली
जी चौदाव्या वर्षी मोजूनही कळली नव्हती.
दाबलेला प्रत्येक स्वर आम्हा दोघांचा होता.
पण मोकळी तार आली
की माझी बोटं हवेत, बिनकामाची,
आणि जे वाजत होतं
ते अख्खं तिचं एकटीचं,
अजून.

फ्रिज चालू होता.
आम्ही शेवटच्या बारला बी वर थांबलो,
त्याच्या थोडं वर.
तिनं तार मिटवली नाही.
मीही हात ठेवला नाही.