पहिली नोंद

आता फक्त बारीकसारीक राहिलंय, असं मी
गेले अकरा दिवस म्हणते आहे.

गगनबावड्याचं धुकं विचारून येत नाही.
रंग ओला असतानाच भिंतीला टेकून उभं राहतं,
आणि इलाई मुल्ला शिडीवरून ओरडतो,
"बाई, ह्यो पाहुणा बिनपैशाचा हाय बघा!"
त्यानंच केलेल्या वायरिंगमध्ये
मोरीचं बटण दाबलं की ओसरी उजळते.
असू दे, म्हटलं. ओसरीलाही कुणीतरी लागतं.

इचलकरंजीहून आणलेले पडदे
चार बोटं आखूड निघाले.
मागाचा दोष नव्हे, माझ्या मापाचा.
टेप धरला होता खरा, पण मी बघत होते बाहेर :
घाटाच्या वळणावर एक ट्रक
दिवे लावून हळूहळू कोकणात मावळत होता.
आक्काताईनं जुन्या इरकलीची किनार जोडली खाली.
आता ती चूक
मुद्दाम केल्यासारखी दिसते.

परशराम सुतार आरसा छातीशी धरून
केव्हाचा उभा.
"कुणाच्या उंचीला लावू?"
मला उत्तर सुचेना.
अजून न आलेल्या माणसांची उंची
किती धरायची असते?
त्यानं आपल्या नाकाशी रेघ मारली,
मग ती थुंकी लावून पुसली, वीतभर खाली घेतली.
"बायामाणसंबी येणार की."

सहाही पलंग त्याच्याच हातचे, फणसाचे.
खोल्यांत अजून पिवळा भुसा आणि थोडा गोड वास.
तेहतीस वर्षं लोकांच्या झोपेची चौकट ठोकणारा हा माणूस,
"लॉजवर कधी झोपलाय का हो?" विचारलं, तर म्हणाला,
"एकदा. कोल्हापुरात, कोर्टाच्या तारखेला.
निकाल ढेकणांनीच लावला."

मग मीच म्हटलं, आज रात्री
तुम्ही आणि हौसाबाई, खोली नंबर दोन.
भाड्याचं बोलायचं नाही.
रंधा पुसत राहिला बराच वेळ.
रंध्यावर तर काहीच नव्हतं.

दिवेलागणीला दोघं आली.
ती जत्रेच्या लुगड्यात,
हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या, झुणका :
माझ्या स्वयंपाकघरात बारा कोरी ताटं असताना.
चपला दाराबाहेर काढल्या,
देवळाबाहेर काढतात तशा, जोडीनं, बाजूला.
दाराखालची उजेडाची रेघ
विझली, लागली, पुन्हा विझली.
मधेच ओसरी उजळली.
आत कुणीतरी तोंडावर पदर धरून हसलं.

सकाळी विचारलं, झोप?
"ही खालीच निजली, चटईवर.
चादर एवढी पांढरी, म्हणाली, पाय ठेववंना."
"आणि तुम्ही?"
"मी रातभर ऐकत हुतो.
तिसरी फळी बोलतीया."

रजिस्टर उघडून पुढं केलं. कोरं, लाल कापडी पाठीचं.
कानावरची जाड पेन्सिल त्यानं जिभेला लावली
आणि मापं लिहावीत तसं लिहिलं :
नाव, परशराम दौलू सुतार.
कुठून आलात, हितनंच.
येण्याचं कारण, पलंग बोलतो का बघाय.
निघण्याची वेळ लिहिलीच नाही.
पाचर आणि हातोडी घेऊन तो परत आत गेला.
तीन ठोके. थोडा वेळ काही नाही.
मग आणखी एक, अगदी हलका,
पाठीवर थाप मारावी तसा.

तो नळावर हात धुवायला गेला
तेव्हा हौसाबाई चादरीची घडी करत होती,
न वापरलेल्या चादरीची.
तिनं इकडंतिकडं बघितलं, दार लोटून घेतलं.
मी पडद्याची किनार सारखी करायचं निमित्त काढून
बाहेर कान देऊन उभी.

फळी काही बोलली नाही.
बाई बराच वेळ बसली असावी.

आता फक्त
ताटांवरची लेबलं काढायची राहिलीत.