झालंच म्हणून समजा

सकाळचे आठ. बाहेर काळोख.
जूनमध्ये पुन्ता अरेनासला दहाशिवाय उजाडत नाही,
वारा मात्र पहाटेच कामावर हजर,
सगळ्यांच्या आधी, एकही रजा न घेता.

कंटेनरमधल्या ऑफिसात यानेत ओयार्सो
किटलीवर हात शेकत विचारते :
खिडक्या कुठवर आल्या?
कार्कामो टोपी काढतो. म्हणजे आल्या नाहीत.
"पुएर्तो मोन्तहून बोट सुटली, बाई.
आल्याच म्हणून समजा."

ती समजते.
बारा वर्षं ती या 'च'चा हिशेब ठेवतेय.
आलं म्हणजे आलं.
आलंच म्हणजे एक आठवडा.
आलंच म्हणून समजा, म्हणजे
पुरवठादाराने फोन उचलणं सोडलंय.

भिंतीवर तक्ता. निळ्या-पिवळ्या पट्ट्या,
एकीच्या शेपटाला दुसरीचं तोंड बांधलेलं :
रंगाआधी गिलावा, गिलाव्याआधी खिडक्या,
खिडक्यांआधी क्रेन,
आणि क्रेनच्याही आधी जो येतो
त्याला सान्तियागोच्या नमुन्यात रकाना नाही.
पहिल्याच महिन्यात तिने पेन्सिलीने एक ओळ वाढवली होती :
वारा. जबाबदार व्यक्तीसमोर रिकामी जागा.
मुख्य कार्यालयातून कागद परत आला,
"कृपया नाव लिहावे."

या दवाखान्याची एक वीटही तिच्या हाताने बसलेली नाही.
ती फक्त विचारते. कधी? किती? कोण?
वायरमन म्हणतो, आधी प्लंबरला हलू दे.
प्लंबर म्हणतो, आधी दरवाजाचं नक्की होऊ दे.
दरवाजा नकाशात डावीकडे उघडतो,
पत्रात उजवीकडे,
आणि काल प्रत्यक्ष जाऊन पाहिलं,
तर उघडतच नाही.

दर शुक्रवारी ती लिहिते : नव्वद टक्के.
सहा शुक्रवार झाले.
आकडा खोटा नाही. नव्वद झालंय.
उरलेले दहा मुरलेले आहेत,
घाईला बधत नाहीत.

मान्सिया सुतार दाराशी घुटमळतो.
नातू आजारी आहे, दोन दिवस हवेत.
तक्त्यात दोन दिवस नाहीत.
ती पट्टीकडे बघते, मग थंडीने फुटलेल्या त्याच्या कानांकडे,
आणि स्वतःच्या रविवारातून एक,
लिफ्टवाल्यांशी भांडून एक,
असे दोन काढून देते.
हे कुठल्याही अहवालात येत नाही.

दुपारी वारा साठच्या वर.
क्रेन आकडा पोटाशी घेऊन उभी,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखी.
सामुद्रधुनी पांढरी पांढरी. बोट नाही.

साडेपाचला पुन्हा अंधार.
घरून फोन : किती वाजता येणार?
समोर अठरा न उघडलेली पत्रं,
बुटांवर वाळलेलं सिमेंट.
"निघालेच," ती म्हणते.

पलीकडे जरा शांतता.
मग मुलगी, नऊ वर्षांची,
मुकादमाच्या आवाजात :
"आई, च काढून सांग."