हारूची आई

नव्या मालिकेत तोमिको फक्त दारात उभी असते.
अठरा भाग झाले. दार, एप्रन, हातात डबा,
आणि एकच वाक्य: "हारू, उशीर होतोय."

ऋजूला हारू आवडतो. त्याची कुरकुर,
बापाच्या पुतळ्याखालून शाळेला जाताना
मान वर न करण्याची त्याची हट्टी पद्धत.
"ही कोण होती माहितीय?" मी सुरू करते.
"माहितीय. हारूची आई," ती म्हणते, आणि आवाज वाढवते.

ही कोण होती.
मिरजेत, साडेचारला, केबलवाल्याच्या मर्जीनं,
हिंदीत बोलणारी एक जपानी मुलगी
लाल दोरी घेऊन समुद्रावरून धावायची
आणि वादळाला गाठ मारायची.
खरीखुरी गाठ. मग वादळ
भाजीच्या पिशवीसारखं तिच्या खांद्याला लोंबायचं.
निनाददादा दाइगोसाठी बघायचा, त्याच्या तलवारीसाठी.
मी रिबिनीला, नाडीला, सुतळीला गाठी मारत बसायचे.
दळणाच्या पिशवीला मारलेली एक तर
कुणालाच सुटेना, शेवटी कात्रीनं कापली.
गाठ मी मारली होती, मारही मीच खाल्ला.

आता हे हल.
शहराचं नाव हल, आणि मी अकरा वर्षं
इथून हललेली नाही.
(हा विनोद फोनवर सगळ्यांना सांगून झालाय.)
होल्डरनेस रोडच्या मागे विटांच्या घरांची रांग,
आणि हंबरवरून येणारा वारा, जो आमचा कचऱ्याचा निळा डबा
रात्रीतून गल्लीच्या त्या टोकाला नेऊन ठेवतो.
सकाळी मी कारवानच्या कारखान्यात पडदे शिवते,
चाकं असलेल्या घरांना पडदे.
तीन वाजता शाळेच्या फाटकाशी.
तिथं मला नाव नाही. "ऋजूज मम," म्हणतात, "ऑलराइट?"
मीही म्हणते, ऑलराइट.
तसं वाईट काही नाही त्यात. थंडी असते, सगळ्यांना घाई असते.

एकोणिसावा भाग. शनिवार.
मी चहात बिस्किट बुडवलेलं.
शाळेवर वादळ येतं. हारूला गाठ जमत नाही,
तो रडतो, चिडतो, दोरी फेकून देतो.
दाइगो लांब कुठल्याशा परिषदेत भाषण करतोय.
आणि तोमिको, दारातच,
डब्याचं फडकं सोडते,
एक टोक दातात धरते, दुसरं आभाळात भिरकावते

अकरा सेकंद. नंतर मोजले.
मग परत हारूचा चेहरा, हारूचे डोळे, हारूचं गाणं,
आणि खाली सरकणारी नावं.

बिस्किट कपातच विरघळलं होतं.
ऋजूनं भाग मागे नेला. पुन्हा नेला.
नेमका गाठीवर थांबवला.
"आई, ही तर तू माझ्या डब्याला मारतेस ती."

भेंडीचं तेल गळतं म्हणून
फडक्यात बांधते मी तिचा डबा. रिसेप्शनपासून.
पाच वर्षं ती गाठ रोज शाळेत जाऊन आली.
"हो," म्हटलं.
"मिसेस हॅगर्टींना सुटत नाही ती. त्या दरवेळी
खाली बसतात, चष्मा वर करतात,
आणि म्हणतात, युअर मम!"

मला माहीतच नव्हतं.
कुणीतरी रोज दुपारी बाराला
गुडघ्यांवर बसून माझ्याशी झुंजत होतं.

"फडकं आण," मी म्हटलं.
"टोक दातात धर. तसं नाही. दाढेत."
फडक्याला परवाच्या लोणच्याचा वास होता.
तिनं तोंड वाकडं केलं, पण सोडलं नाही.
पडद्यावर तोमिको तशीच थांबलेली, हात वर,
आणि बाहेर कुणाचा तरी निळा डबा
गडगडत समुद्राच्या दिशेनं निघाला होता.